सातचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये, अमृतमहोत्सवाच्या धामधुमीत, या गावाने ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा. मग ज्याचं त्याला मोकळं. करोनाच्या काळात शाळा फोनवर आली होती. शाळा परत वर्गात गेली तरी फोन मुलांच्या हातातच राहिला, हे गावाचं दुखणं होतं. ठराव देशभर गाजला. बातम्यांचा सूर कौतुकाचाच होता, पण जरा गंमत पाहिल्यासारखा: खेड्यातली माणसं काय काय करतात बघा!

त्या गमतीत ठरावाचं मर्म बाजूला पडलं. वडगावने फोनला पापी ठरवलं नाही आणि नुसत्या मुलांना दमही भरला नाही. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांची सभा झाली, तिथे भोंगा विकत घ्यायचं ठरलं. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. आणि जे बंद करायचं ठरलं ते सगळ्यांचं: दहावीतल्या पोराचं, मालिका बघणाऱ्या आईचं, आणि ओसरीवर बसून व्हॉट्सॲपवरचं राजकारण चघळणाऱ्या बापाचंही.

सगळ्यांचं, आणि एकाच वेळी. माझ्या मते सारी किमया या दोन गोष्टींत आहे. एकट्याने फोन बंद ठेवणं हे तप आहे आणि तप चार दिवस टिकतं. मुलाने फोन ठेवला तर त्याला वाटतं, वर्गातल्या ग्रुपवर आत्ता काहीतरी चाललंय आणि आपण तेवढे बाहेर. बापाला वाटतं, सोसायटीच्या निवडणुकीचं काहीतरी येऊन गेलं आणि आपल्याला उद्या चहाच्या टपरीवर कळणार. पण सात वाजता ग्रुपच गप्प झाला, तर हुकण्यासारखं काही उरतच नाही. मन मारावं लागत नाही, कारण मनाला ओढणारं दुसरं टोक त्या वेळेपुरतं सुटलेलं असतं.

महाराष्ट्राला हे शहाणपण नवं नाही. हिवरे बाजारने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. एकाच घराने आपल्या शेळ्या बांधून ठेवल्या असत्या तर डोंगर हिरवा झाला नसता. उरलेल्या घरांच्या शेळ्यांनी तो अधिक आरामात खाल्ला असता आणि शेळ्या बांधणारा वेडा ठरला असता. गाव एकदम थांबलं म्हणून गवत वाढलं. पुढे शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हेही त्याच गावाने ठरवलं, कारण एकाची बोअर म्हणजे शेजाऱ्याची कोरडी विहीर. घरातली संध्याकाळ हीसुद्धा अशीच सामाईक मालमत्ता आहे, हे आपल्या अजून ध्यानात आलेलं नाही. चौघांच्या घरात एकाने मान वर करून उपयोग नसतो. त्याच्याकडे बघायला समोर दुसरी वर झालेली मान लागते.

आपल्याकडे मोबाइलवर जी व्याख्यानं होतात ती बहुतेक याच्या उलट बाजूला उभी असतात. वक्ता सांगतो, मनावर ताबा ठेवा. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपती मंडळात, निरोप समारंभात हे ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि सभा संपली की त्याच वक्त्याबरोबर सेल्फी काढायचा. या उपदेशात एक मोठी चूक आहे. तो धरून चालतो की एका बाजूला माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला निर्जीव वस्तू. वस्तुस्थिती तशी नाही. छापलेलं पान संपलं की वाचणारा थांबतो. फोनवरचं पान संपतच नाही. बोट वर सरकवत राहिलं की खालून नवं येत राहतं, ही रचना 2006 मध्ये एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने बसवली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने जाहीरपणे खेद व्यक्त केला. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने त्याच्या कितीतरी आधी कबुतरं आणि उंदीर घेऊन दाखवून दिलं होतं की बक्षीस दर वेळी न मिळता कधी मिळतं, कधी नाही असं झालं की प्राणी कळ दाबायचा थांबत नाही. मटक्याच्या आकड्यावर संसार उधळलेला माणूस ज्याने जवळून पाहिलाय, त्याला हे प्रयोगशाळेत जाऊन शिकावं लागत नाही. दहा व्हिडिओ फालतू आणि अकरावा झकास, हे त्याच हिशेबाने चालतं. म्हणजे आपल्या चौदा वर्षांच्या पोराच्या मनोनिग्रहासमोर जगातले निष्णात अभियंते बसवलेले आहेत, आणि हरलं की आपण पोराला म्हणतो, तुझं लक्षच नाही.

लक्ष हाच तर त्या धंद्याचा कच्चा माल आहे. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्येच ओळखलं होतं की माहिती उदंड झाली की माणसाचं अवधान दुर्मिळ होणार. आपल्याकडे हा उदंडपणा फार झपाट्याने आला. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ बाजारात उतरलं आणि महिनाभर एक जीबी जपून वापरणारा माणूस वर्षभरात दिवसाला एक जीबी संपवू लागला. वीज, रेडिओ, टीव्ही यांची सवय व्हायला आपल्याला एकेक पिढी मिळाली होती. इथे आजोबा आणि नातू एकाच महिन्यात शिकले, त्यामुळे कुणी कुणाला काय शिकवायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मग सुटका काय? फोनच टाकून द्यावा? दारूच्या बाबतीत आपल्या बायाबापड्यांनी ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असं मतदान घेऊन गावंच्या गावं सोडवली. फोनची बाटली अशी आडवी करता येत नाही, कारण तिच्यात औषधही आहे. मोबाइल सोडा, जंगलात जा, पुस्तक वाचा, असं सांगणारे बहुधा असे लोक असतात ज्यांचा फोन दुसरं कुणीतरी उचलतं.

खरिपात एखाद्या शेतकऱ्याबरोबर बांधावर उभं राहून पाहावं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पीकपेरा लिहायचा, कधी शेतावर येऊन, बऱ्याचदा न येताच. आता शेतकऱ्याने स्वतः ॲप उघडायचं, खातं निवडायचं, गट क्रमांक निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र भरायचं आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. लोकेशन पकडत नाही म्हणून तो सोयाबीनमधून दहा पावलं आत जातो. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून टोपीची सावली धरतो. फोटो निघतो, पण नोंद वर जात नाही. गोल चक्र फिरत राहतं. या नोंदीवर नुकसानभरपाई अडलेली असते, हमीभावाची खरेदी अडलेली असते, त्यामुळे फोन खिशात टाकून चालत नाही. चक्र फिरत असताना वरून एक सूचना टपकते, अंगठा तिच्यावर जातो, आणि नांगरट करणाऱ्या कुठल्याशा ट्रॅक्टरच्या करामती सुरू होतात. त्याच्यामागे दुसरी करामत, मग एक लावणी, मग एक बाबा. पंधरा-वीस मिनिटांनी भान येतं तेव्हा ॲप बंद पडलेलं असतं आणि पुन्हा गट क्रमांकापासून सुरुवात.

या माणसाला आळशी म्हणायचं की उद्योगी? त्याच्या हातात चावडी आणि जत्रेतला पाळणा एकाच काचेवर आहेत, आणि चावडीत जायचा रस्ता पाळण्याखालूनच जातो. फोनचा फायदा आणि फोनचा घोळ यांचा तराजू करून अमुक टक्के चांगलं, तमुक टक्के वाईट असं सांगणाऱ्यांनी हा बांध पाहिलेला नसतो. दोन्ही एकाच मिनिटात, एकाच अंगठ्याने घडतं.

‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ 2024 हा ग्रामीण शिक्षणाचा अहवालही याच्याशी जुळणारं चित्र देतो. 14 ते 16 वयाच्या 82 टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्यापैकी 57 टक्क्यांनी तो अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी वापरला होता, तर 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हे आकडे वाचून चांगली मुलं आणि बिघडलेली मुलं असे दोन गट पाडण्याचा मोह होतो. बेरीज करून पाहावी: शंभराच्या वर जाते. म्हणजे भूमितीचा व्हिडिओ पाहणारी आणि रील पाहणारी पुष्कळ मुलं एकच आहेत.

आता मोठ्यांकडे येऊ, कारण सुधारणेची सुरुवात तिथून व्हायला हवी आणि तिथेच ती अडते. रात्रीच्या जेवणाची वेळ. दोन वर्षांचं मूल मांडीवर, समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला फोन, त्यावर नाचणारी रंगीत बदकं. घास जवळ आला की मूल न बघता तोंड उघडतं. वरणभात आहे की शिरा, ते त्याला ठाऊक नसतं. भरवणाऱ्या आईला नावं ठेवणं सोपं आहे. पण ती पहाटे पाचपासून उभी आहे, फोन नसेल तर हा पोरगा एका वाटीला तास लावतो, आणि तिला त्यानंतर भांडी घासायची आहेत. फोनने तिला अर्धा तास उसना दिलेला आहे. पलीकडे सोफ्यावर नवरा आपला फोन वाचता वाचता म्हणतो, फार मोबाइल बघतो हा, सवय मोड त्याची. या एका वाक्यात आपली सगळी मोबाइलविषयक नीती आली. सवय लागली मुलाला, मोडायची बाईने, आणि बोलणाऱ्याच्या हातात स्वतःचा फोन. त्याने तो ठेवून वाटी हातात घेतली तर तांब्याचा फोन आपोआप उतरेल.

शिक्षकांची, सेविकांची गोष्ट याहून वेगळी आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. त्यांचा फोन संध्याकाळी चालू राहतो तो त्यांच्या हौसेने नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. केंद्राचा एक ग्रुप, बीटचा एक, तालुक्याचा एक, मध्यान्ह भोजनाचा वेगळा. रात्री नऊला संदेश येतो, वर तीन लाल दिवे आणि ‘अतितातडीचे’. उद्या दहापर्यंत लिंक भरायची. भरली नाही तर ‘निरंक शाळांची यादी’ म्हणून नाव सर्वांसमोर झळकतं. अंगणवाडी सेविकांनी 2021 मध्ये सरकारने दिलेले फोन परत करण्याचं आंदोलन केलं, तेव्हा शहरातल्या काही जणांना हसू आलं होतं: फुकटचा फोन कुणी परत करतं का? पण जुनाट यंत्र, इंग्रजीतलं ॲप, आणि माहिती भरली नाही तर जाब मात्र सेविकेला, असा तो सौदा होता. सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं: कामाची वेळ संपल्यावर कचेरीच्या फोनला आणि मेलला उत्तर न देण्याचा हक्क नोकरदाराला असावा. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये असा हक्क 2017 पासून आहे. आपल्या गावात त्यासाठी दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याने स्वतःहून सातनंतर ग्रुपवर काही टाकायचं नाही असं ठरवलं, तर एका तालुक्यातल्या शेकडो घरांत भोंग्याशिवायच शांतता होईल.

आणि आता एक धोका, जो मला या सगळ्या विषयात सर्वांत मोठा वाटतो. फोनबंदीची भाषा सुरू झाली की तिची पहिली कुऱ्हाड मुलीवर पडते. 2019 मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या बारा गावांनी ठराव केला की अविवाहित मुलींनी मोबाइल बाळगू नये. मुलांबद्दल तसं बंधन नव्हतं. आपण गुजरातकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. आपल्या घरांतही मुलाचा फोन म्हणजे अभ्यासाचं साधन आणि मुलीचा फोन म्हणजे काळजीचं कारण असतो. ‘असर’च्याच अहवालात फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 36 टक्क्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींपैकी 27 टक्क्यांकडे. बारावीनंतर प्रवेशाची यादी बघायला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, परक्या गावच्या बसस्टँडवर उतरल्यावर घरी कळवायला तिला भावाच्या हातापाया पडावं लागत असेल, तर तिच्यासाठी फोन ही चैन नाही. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने 2022 मध्येच, वडगावनंतर काही महिन्यांनी, अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल नको असा ठराव केला. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण वडगावचा मार्ग मला अधिक न्यायाचा वाटतो. वयाची रेघ मारली की मोठे सुटतात आणि लहान सापडतात, आणि लहानांतही कोण सापडणार हे घराघराला माहीत असतं. वेळेची रेघ सगळ्यांवरून सारखी जाते.

कुणी म्हणेल, गावाने आणि घराने एवढं करायचं, मग ज्यांनी हा पाळणा बांधला त्यांचं काय? प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियाने 2024 च्या अखेरीस कायदा करून सोळा वर्षांखालच्या मुलांना बड्या समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली आणि 2025 च्या डिसेंबरपासून ती लागू झाली. त्या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट बंदी ही नाही. बंदी कितपत पाळली जाईल याचा भरवसा कोण देणार! आवडलं ते हे की दंड मुलाला किंवा आईबापाला नाही, कंपनीला आहे, आणि तो जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं ते चीनशी झालेल्या तंट्यामुळे. आठवड्या-पंधरवड्यात तशाच आखूड व्हिडिओंची दुसरी दुकानं उघडली आणि पोरांचे अंगठे तिकडे वळले. दुकान बदललं, दुकानदारीचे नियम कुणी विचारले नाहीत. ते विचारणं संसदेचं काम आहे आणि तिथे आपले खासदार बसतात. निवडणुकीत रस्ता आणि पाण्याबरोबर हेही विचारायला हरकत नाही. पण तोवर संध्याकाळ रोज येतेच.

शहरात हे कसं व्हायचं? इथे देऊळ एक नाही, भोंगा एक नाही, आणि सात वाजता अर्धी माणसं लोकलमध्ये असतात. तरी गृहनिर्माण संस्था आहेत, त्यांच्या सर्वसाधारण सभा होतात, त्यांत पार्किंगवर तीन-तीन तास भांडण होतं. एका इमारतीतल्या दहा घरांनी, ज्यांची मुलं एकत्र खेळतात तेवढ्याच घरांनी, साडेआठ ते साडेनऊ असा तास धरला तरी पुरे. मुलाला “फक्त मलाच का?” हे विचारता आलं नाही म्हणजे निम्मी लढाई झाली. आणि त्या तासात मुलांनी अभ्यासच करावा असा हट्ट नको. सुरुवातीला ती कंटाळतील, भिंतीला पाय लावून पडतील, भांडतील. कंटाळ्याला एवढं घाबरायचं कारण नाही. आपण सगळे त्यातूनच पत्ते, कॅरम आणि वाचनालयातली फाटकी पुस्तकं यांच्यापर्यंत पोचलो.

गावांसाठी तर वाट तयार आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवरच होते. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ती खरोखरीची घ्यावी आणि वेळ बायकांनीच ठरवावी, कारण धार काढायची कधी, स्वयंपाक कधी, नळाला पाणी कधी, हे त्यांनाच ठाऊक असतं. ठरावात सवलती स्पष्ट लिहाव्यात. आशाताईंचा फोन चालू राहील. घरात आजारी माणूस असेल तिथला चालू राहील. दुबईतला किंवा पुण्यातला मुलगा त्याच वेळी फोन करत असेल तर आईने तो जरूर घ्यावा. बोलण्यासाठीच तर फोन आला होता. मुलींचा फोन काढून घेण्यासाठी या ठरावाचा आधार कुणी घेऊ नये, हेही एका ओळीत नोंदवावं. सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांनी पहिल्या महिन्यात आपला फोन सातला बंद केल्याचं लोकांना दिसलं पाहिजे. आणि दंड मात्र ठेवू नये. दंड आला की पावती येते, पावती आली की वशिला येतो, आणि मग गावात फक्त सरपंचाच्या पुतण्याचा फोन चालू राहतो.